लेकरांची सुट्टी आणि मालवणचा दर्या

शाळांचे निकाल जवळ आले की मुंब्रा, मीरा रोड, पनवेल, पुणे, जिथे जिथे आपली कोकणी घरे आहेत तिथे सुट्टीची चर्चा सुरू होते. कोणी काश्मीर म्हणतो, कोणी दुबई. मग खर्चाचा हिशेब होतो आणि बेत पुढच्या वर्षावर जातो. या वेळी आम्ही जवळचा पत्ता सुचवतो आहोत. तो म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा आणि त्यातही मालवणची किनारपट्टी. आपल्यातल्या कित्येकांचे मूळ गाव याच पट्ट्यात किंवा त्याच्या शेजारी आहे. तरीही लेकरांना गाव ठाऊक असते ते लग्नापुरते, नाहीतर मय्यतीपुरते. हा मजकूर दहा वर्षांखालील मुले घेऊन निघणाऱ्या घरांसाठी आहे.

पहिली गोष्ट वेळेची. मेच्या अखेरीस दर्या खवळू लागतो. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातले खेळ पावसाळ्यात बंद असतात. म्हणून जायचे तर एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात जावे. त्याहून उत्तम दिवाळीची सुट्टी, कारण तेव्हा ऊनही लेकरांना सोसते. मालवणला रेल्वे स्टेशन नाही. कोकण रेल्वेने कुडाळला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षाने तासाभरात पोहोचता येते. लहान मुलांबरोबर रात्रीची गाडी बरी, मुले झोपेत असतानाच निम्मा प्रवास संपतो.

दुसरी गोष्ट, ठिकाणे कमी आणि दिवस जास्त ठेवा. सकाळी किल्ला, दुपारी सावंतवाडी, संध्याकाळी वेंगुर्ले अशी धावपळ मोठ्यांनाही झेपत नाही. चार वर्षांच्या मुलाला एकच किनारा चार दिवस पुरतो. वाळू, शंख, खेकड्यांची बिळे आणि भरती-ओहोटी एवढे सामान त्याला पुष्कळ आहे. तारकर्ली-देवबाग भागात घरगुती राहण्याची सोय अनेक कुटुंबे करतात. शहरी हॉटेलापेक्षा तिथे मुलांना अंगण मिळते, विहीर दिसते, कोंबडीची पिल्ले दिसतात.

खाण्याची काळजी बहुतेक भगिनींना असते. मालवणात ती सर्वांत कमी. माशाला जबह लागत नाही, समुद्राचे अन्न अल्लाहने आपल्याला हलाल केले आहे. घरमालकिणीला पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगावे, ‘कोंबडी-मटण नको, आम्हाला मासे द्या.’ त्याने कोणाचा मान दुखावत नाही आणि ताजा बांगडा पानात येतो. मुलांना तिखट सोसत नसेल तर घावणे आणि नारळाचा रस किंवा रसातले शिरवाळे मागून घ्या. कोंबडीच हवी असेल तर कुडाळ, सावंतवाडी, बांदा, मालवण या गावांत आपली वस्ती आहे, तिथे विचारणा करता येते.

नमाजचे म्हणाल तर मुंबई ते मालवण सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे प्रवासाची सवलत लागू होते आणि चार रकातींची फर्ज नमाज दोन रकाती होते. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत. शाफई मसलकात येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर कस्र करता येते, आणि प्रवासात जुहर-असर व मगरिब-इशा एकत्र अदा करण्याचीही मुभा आहे. हनफी घरांसाठी मुक्कामाची मर्यादा पंधरा दिवसांची आहे, पण नमाजा एकत्र करण्याची मुभा नाही. गावी स्वतःचे घर असेल तर मसला बदलू शकतो, तो निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावा. किब्ला शोधणे मात्र सोपे. किनाऱ्यावर दर्याकडे तोंड करावे आणि किंचित उजवीकडे वळावे. मुलांना तिथेच सांगावे की या पाण्यापलीकडे अरबस्तान आहे, आणि १९९५ पर्यंत मुंबईहून हाजी याच समुद्रातून बोटीने जात असत.

आता सर्वांत महत्त्वाचे. दर्या प्रेमळ दिसतो, पण तो कोणाचा नसतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्यातील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यांत आपल्या समाजाची मुले-मुली होती. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. ही नावे आम्ही घाबरवण्यासाठी काढत नाही. पण ‘अल्लाह मालिक आहे’ म्हणून मुलाला पाण्यात सोडणे हा तवक्कुल नव्हे. आधी उंट बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. किनाऱ्यावर उंट बांधणे म्हणजे काय, ते सांगतो.

लहान मूल पाण्यात असेल तर एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे. वाळूत बसून नजर ठेवणे पुरेसे नाही. हे काम कोणाचे ते नावाने ठरवा, कारण ‘सगळेच बघताहेत’ म्हणजे कोणीच बघत नाही. त्या वेळी मोबाइल पिशवीत ठेवावा. पाणी मुलाच्या गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नये. ओहोटी लागली की पाणी आत ओढते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे तर ओढ फार असते, त्या मुखाशी मुलांना उतरवूच नये. कुठे उतरावे हे स्थानिक कोळ्याला किंवा गाबितांना विचारावे. त्यांनी ‘नको’ म्हटले की विषय संपला. होडीत बसताना प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवे आणि मुलाचे जॅकेट मुलाच्या मापाचे हवे. ते नसेल, किंवा होडीत माणसे दाटीने बसवली असतील, तर पैसे गेले तरी उतरावे. आणि बुरखा किंवा साडी-ओढणी पाण्यात जड होते, पायात अडकते. पाण्यात मुलाजवळ राहणाऱ्या आईने अंग झाकणारे पण आटोपशीर कपडे घालावेत. हा फॅशनचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

एवढी खबरदारी घेतली की आनंदाला तोटा नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम १६६४ मध्ये सुरू होऊन १६६७ मध्ये पूर्ण झाले. चारी बाजूंनी खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी! मुलांना हे नवल दाखवावे. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान हा सरदार होता हेही त्यांना तिथेच सांगावे. आपला इतिहास या भिंतींच्या बाहेरचा नाही, हे त्यांना पुस्तकाआधी कळले तर बरे. देवबागला किनाऱ्यावरून नदी आणि समुद्र दोन्ही दिसतात. सूरह फुरकानमध्ये गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा जो उल्लेख आहे, तो घरी तर्जुमा वाचून कळतो त्याहून इथे लवकर कळतो.

पहाटे फजरनंतर मुलांना रापण ओढताना दाखवा. होडीतून जाळे अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून दोन टोळ्या ओढतात. मग मासळीचे वाटे होतात. ज्याने कष्ट केले त्याला वाटा, हा हिशेब पाच वर्षांच्या मुलालाही समजतो. एक दिवस सावंतवाडीला द्या. तिथली लाकडी खेळणी प्लास्टिकपेक्षा जास्त टिकतात. तिथली गंजिफा पाहावी. हा पत्त्यांचा खेळ मोगलांबरोबर हिंदुस्थानात रुजला, त्याचे नावच फारसी आहे, आणि सावंतवाडीत त्यावर दशावतार रंगले. दोन वस्त्यांनी एकमेकांकडून काय घेतले याचा याहून सुंदर पुरावा मुलांच्या हातात देता येणार नाही.

आता पुरुष वाचकांशी दोन शब्द. पुष्कळ घरांत सुट्टी म्हणजे आईने स्वयंपाकघर बदलणे. घरी तिच्या ओट्यावर, गावी सासूबाईंच्या चुलीवर. पैगंबर (स.) यांनी प्रवासात हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती. ज्यांच्या खांद्यावर उम्मतीचा भार होता त्यांना यासाठी वेळ होता, आपल्याला तो नसावा? रोज सकाळचे दोन तास मुले बापाने सांभाळावीत. त्यांना आंघोळ घालावी, वाळू झटकावी, रडे थोपवावे. आईला एकटीने किनाऱ्यावर चालू द्यावे. एवढे झाले तर ती सुट्टी साऱ्या घराची झाली असे म्हणता येईल.

नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांनी यजमानाचाही विचार करावा. पाहुणचार तीन दिवसांचा, आणि घरच्यांना अडचण होईल इतके पाहुण्याने राहू नये, अशी हदीस आहे. दहा माणसे घेऊन कळवल्याशिवाय जाऊ नये. तांदूळ, तेल, साखर सोबत न्यावी. भांडी आपल्या पोरांनीही घासावीत.

शेवटी एक काम न चुकता करा. निघण्याच्या आदल्या दिवशी मुलांना मोहल्ल्यातल्या सर्वांत वयस्कर दादी-नानीकडे न्या, सलाम करायला लावा, तासभर बसवा. तिची बोली मुलांना पूर्ण कळणार नाही, तरी कानावर पडू द्या. मग कब्रस्तानात नेऊन आजोबा-पणजोबांची जागा दाखवा, दुआ मागा. कोकणात आज किती दारांना कुलपे आहेत हे गावी जाणाऱ्यांना ठाऊक आहे. किल्ल्या मुंबईत किंवा कुवेतमध्ये, आणि अंगणात गवत. ज्या मुलाने त्या अंगणात सुट्टी काढली नाही, ते मोठे झाल्यावर ते घर विकायला क्षणभरही थांबणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही. काश्मीर, दुबई इन्शाअल्लाह पुढे केव्हाही होईल. पण गावची दादी दरवर्षी एक वर्षाने म्हातारी होते आहे.