तटस्थाला स्वतःची चाल असावी

दुसऱ्या महायुद्धावरच्या खेळात तटस्थ देशांसाठी काय नियम असावेत, हा प्रश्न रिकामटेकड्यांचा वाटू शकतो. मला तो तसा वाटत नाही. आपली मुलं शाळेच्या पुस्तकापेक्षा या खेळांतून महायुद्ध जास्त शिकतात. नकाशावर कोणता देश कुठे, कोणाकडे तेल, कोणाकडे लोखंड, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्याच नकाशावर काही देश राखाडी रंगाचे असतात. त्यांच्याशी कसं वागायचं, हे खेळाचा नियम मुलांना न बोलता शिकवतो.

आमच्या गोंदियातल्या घरी सुट्टीत हा पट अंथरला जातो. भाच्याने एकदा तुर्कस्तानवर बोट ठेवून विचारलं, "मामू, ये तो खाली पडा है, ले लूं?" खाली पडा है! कोट्यवधी माणसांचा देश, आणि खेळात त्याला ‘रिकामा’ हे नाव. दोष पोराचा नाही, नियमाचा आहे.

‘अ‍ॅक्सिस अँड अलाइज’ या प्रसिद्ध खेळाच्या १९८४ च्या आवृत्तीत नियम सोपा होता. तटस्थ देशात सैन्य घालायचं असेल तर बँकेत तीन भरा आणि जा. म्हणजे तटस्थता हा टोलनाका. नंतरच्या काही आवृत्त्यांत उलटं टोक गाठलं गेलं. तटस्थ प्रदेशात कोणी जायचंच नाही, जणू तिथे देश नसून डोंगर आहे. १९४० सालापासून सुरू होणाऱ्या मोठ्या आवृत्तीत मात्र विचार दिसतो. तिथे तटस्थांचे तीन गट आहेत: दोस्तांकडे झुकलेले, अक्ष राष्ट्रांकडे झुकलेले आणि कडक तटस्थ. तुर्कस्तान, स्पेन, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोर्तुगाल हे कडक तटस्थ. यांच्यापैकी एकावर जरी कोणी हल्ला केला, तरी उरलेले सगळे विरुद्ध बाजूचे मित्र बनतात.

हा नियम मला मनापासून आवडतो, कारण तो इतिहासापेक्षा न्यायी आहे. १९०७ च्या हेग करारांनी तटस्थ देशाची भूमी अभेद्य ठरवली होती. तिथे शिरलेल्या सैनिकांना त्या देशाने अडकवून ठेवायचं, युद्धनौकेला बंदरात साधारणपणे चोवीस तासांच्या वर थांबू द्यायचं नाही, असं सगळं कागदावर होतं. तरी जर्मनीने ९ एप्रिल १९४० ला डेन्मार्क आणि नॉर्वे, १० मे ला हॉलंड, बेल्जियम, लक्झेंबर्ग तुडवले. त्याच १० मे ला ब्रिटनने तटस्थ आइसलँडमध्ये सैन्य उतरवलं. पण बाकीचे तटस्थ एक होऊन उठले नाहीत. प्रत्येकजण आपली पाळी येऊ नये म्हणून गप्प राहिला. ‘एकाला हात लावाल तर सगळे उठतील’ हा नियम जगात नव्हता. तो पटावर आहे, एवढं श्रेय खेळ रचणाऱ्यांना द्यायलाच हवं.

माझी तक्रार दुसरीच आहे. कोण कोणाकडे ‘झुकलेला’ हे नकाशावर आधीच छापलेलं असतं. या खेळात इराण दोस्तांकडे झुकलेला दाखवलाय. दोस्तांनी पाऊल टाकलं की तिथलं सैन्य आपोआप त्यांचं होतं. प्रत्यक्षात काय घडलं? इराणने युद्धाच्या सुरुवातीलाच तटस्थता जाहीर केली होती. २५ ऑगस्ट १९४१ ला उत्तरेकडून रशिया आणि दक्षिणेकडून ब्रिटन त्याच्यावर चालून गेले. इराणचे नौदलप्रमुख बायंदोर त्याच दिवशी मारले गेले. तीन आठवड्यांत रझा शाहला गादी सोडावी लागली. पुढे त्या देशाने दुष्काळही सोसला. ज्याच्या घरात दार फोडून शिरलात, त्यालाच पटावर ‘मित्र’ लिहिलं. हा नियम नव्हे, जेत्याची साक्ष आहे.

आणि अबादानच्या किनाऱ्यावर ब्रिटनच्या वतीने उतरलेले शिपाई कोण होते? हिंदुस्थानी. त्यांना तरी कुठे कोणी विचारलं होतं! ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या एकाही लोकप्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. आमच्या गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी १९४० मध्ये याच युद्धासाठी बांधली. खेळात आपला देश ब्रिटनच्या रंगात रंगलेला असतो आणि कलकत्ता ही त्यांची दुसरी राजधानी असते. तटस्थ राहण्याचा हक्कसुद्धा आधी स्वतंत्र असावा लागतो, हे त्या रंगाकडे पाहून मुलांना सांगता येतं.

तटस्थतेची खरी गुंतागुंत पाहायची तर गोव्यात जावं. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. युद्ध पेटल्यावर ‘एरेनफेल्स’सह तीन जर्मन जहाजं आणि एक इटालियन जहाज मुरगाव बंदरात आश्रयाला येऊन थांबली. ‘एरेनफेल्स’वरून पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात, असा इंग्रजांचा संशय होता. उघड हल्ला करावा तर पोर्तुगालची तटस्थता मोडते. म्हणून ९ मार्च १९४३ च्या रात्री ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या पथकातली, वयाने उतरलेली गोरी मंडळी एका मालवाहू बोटीतून साध्या वेषात आली आणि त्या जहाजावर चढली. कप्तान मारला गेला. खलाशांनी आपली जहाजं स्वतःच बुडवली. ब्रिटनने हे प्रकरण कित्येक वर्षं दडवून ठेवलं.

याच मुरगावात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसरंही दृश्य दिसलं. जपानचं ‘तेइया मारू’ आणि अमेरिकेच्या वतीने आलेलं ‘ग्रिप्सहोम’ हे स्वीडिश जहाज एकाच बंदरात लागलं. दोन्हीकडच्या हजाराहून अधिक अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल झाली आणि माणसं आपापल्या घराकडे निघाली. बंदर तटस्थ होतं म्हणूनच हे होऊ शकलं. एका बंदराची तटस्थता मार्चमध्ये मोडली गेली आणि ऑक्टोबरमध्ये तिनेच माणसं सोडवली. खेळात यातलं काहीच नसतं. तिथे तटस्थ एकतर गिळला जातो, नाहीतर पडून राहतो.

म्हणून माझं म्हणणं असं की तटस्थाला स्वतःची चाल द्या. वाट द्यायची की नाही, माल कोणाला विकायचा, कैदी सोडवायला मध्यस्थी करायची का, हे त्याने ठरवावं. ही चाल तटस्थांसाठी बसलेल्या वेगळ्या खेळाडूने खेळावी. झुकाव छापलेला नसावा. कोण कसं वागलं त्यावरून तो बदलावा. तटस्थ म्हणजे साधूसंत असंही दाखवू नका. स्वीडनने जर्मनीला लोखंडाचं खनिज विकलं आणि १९४१ मध्ये एका जर्मन डिव्हिजनला आपल्या रेल्वेने जाऊही दिलं. तुर्कस्तानने दोन्ही बाजूंना झुलवत ठेवून फेब्रुवारी १९४५ मध्ये, निकाल दिसू लागल्यावर, जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. याची किंमतही खेळात मोजावी लागली पाहिजे.

कोणी म्हणेल, एवढे नियम घातले तर खेळ रटाळ होईल. मला उलट वाटतं. ज्याला गिळता येत नाही, त्याला राजी करावं लागतं, आणि डावाची खरी गंमत तिथेच आहे. १९५३ मध्ये कोरियातल्या युद्धकैद्यांचा गुंता सोडवायला तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला, तेव्हा अध्यक्षपद भारताकडे आलं आणि जनरल थिमय्या यांनी ते सांभाळलं. दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन केलेलं ते काम होतं. ते काही कुंपणावर बसणं नव्हतं.

आमच्या दीनी परंपरेतही हा विचार आहे. जे तुमच्यापासून बाजूला राहतात, लढत नाहीत आणि सलोख्याचा हात पुढे करतात, त्यांच्यावर चालून जाण्याची वाट तुम्हाला ठेवलेली नाही, असा सूरह निसाच्या नव्वदाव्या आयतीचा आशय आहे. सातव्या शतकात उमय्या खिलाफत आणि बायझंटाइन साम्राज्य यांनी सायप्रस बेटाचा महसूल वाटून घ्यायचा करार केला, आणि एकमेकांशी लढणाऱ्या त्या दोन सत्तांमध्ये ते बेट दीर्घकाळ तसंच राहिलं.

तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. वैनगंगेकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको की पूर आला की तटही सुरक्षित राहत नाही. पण बुडणाऱ्याला दोर टाकायचा तर कोणीतरी तटावर असावंच लागतं. आज ‘तू आमचा की त्यांचा’ हा सवाल देशांनाच नव्हे, मोहल्ल्यातल्या माणसालाही विचारला जातो, आणि उत्तर द्यायला वेळ लावणारा ‘रिकामा’ किंवा ‘त्यांचा’ धरला जातो. राखाडी रंगातही माणसं राहतात, एवढं जरी पोरं पटावर शिकली, तरी पुष्कळ झालं.