‘बिझनेस कोच’ हवा, पण कशासाठी?

प्रतिनिधी, ठाणे

घोडबंदर रोडलगतच्या कोलशेतमध्ये एकेकाळी बायर, क्लॅरियंट यांसारख्या कंपन्यांचे कारखाने होते. त्या जमिनींवर आता गृहसंकुले उभी आहेत. वस्तीपाठोपाठ माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत दवाखाने, क्लासेस, उपाहारगृहे, अंतर्गत सजावटीची कार्यालये आणि सॉफ्टवेअर कंपन्या आल्या. यातील अनेक मालक पहिल्या पिढीचे व्यावसायिक आहेत. धंदा पाच माणसांवरून तीस माणसांवर जातो. पण कोटेशनपासून रजेच्या अर्जापर्यंत प्रत्येक कागद मालकाच्याच सहीसाठी थांबतो. अशा वेळी ‘बिझनेस कोच’ नेमण्याचा विचार पुढे येतो. विचार गैर नाही. निवड मात्र पुष्कळदा हॉटेलातील मोफत कार्यशाळेत, ‘आजच्यापुरती सवलत’ ऐकून होते. धोका तेथेच आहे.

या व्यवसायाला भारतात सरकारी परवाना लागत नाही. वकील किंवा सनदी लेखापाल यांच्यावर वैधानिक परिषदेचे नियंत्रण असते. कोचवर तसे कोणाचेच नाही. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रे ऐच्छिक आहेत. त्यांच्या तीन श्रेणींसाठी प्रशिक्षणाबरोबरच अनुक्रमे १००, ५०० आणि २,५०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. प्रमाणपत्रावरून कोचचा सराव कळतो. जॉब वर्क, उधारी आणि खेळते भांडवल यांची त्याला जाण आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

फसगत झाल्यास दाद मागण्याची वाटही अरुंद आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ‘ग्राहक’ या व्याख्येतून व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवा वगळल्या आहेत. केवळ उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणारा त्याला अपवाद ठरतो. तीस माणसांच्या कंपनीला या अपवादात बसणे कठीण. म्हणूनच लेखी करार हाच मालकाचा मुख्य आधार उरतो.

आधी दुखणे ओळखा

कोच आणि सल्लागार यांत फरक आहे. सल्लागार उत्तर देतो. कोच प्रश्न विचारून मालकाला निर्णयापर्यंत नेतो आणि त्या निर्णयाचा पाठपुरावा करतो. पैसे थकले असतील, तर सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला एमएसएमई विकास कायदा, २००६ नुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत देयक मिळण्याचा हक्क आहे. तेथे सनदी लेखापाल आणि सुलभता परिषद उपयोगी पडते. कारखान्यात माल वाया जात असेल, तर २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘लीन’ योजनेत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलते. अधिकार सोपवता न येणे, भागीदारांतील मतभेद, पुढच्या पिढीकडे सूत्रे देणे ही मात्र कोचच्या अखत्यारीतील दुखणी आहेत.

शुल्काचे गणितही कागदावर मांडावे. समजा, कंपनीला उलाढालीवर ८ टक्के नफा सुटतो आणि कोचचे वार्षिक शुल्क ३ लाख रुपये आहे. जीएसटीची वजावट मिळते असे धरले, तरी हे शुल्क भरून काढण्यासाठी साडेसदतीस लाखांची जादा विक्री लागेल किंवा ३ लाखांची बचत व्हावी लागेल. यांपैकी काय आणि किती दिवसांत होणार, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला पाहिजे.

त्याबरोबरच कोचच्या किमान तीन जुन्या ग्राहकांशी परस्पर बोलावे. त्यांतील एक असा असावा, ज्याने काम मध्येच थांबवले. वागळे इस्टेटमधील ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशनसारख्या संघटनांत समव्यवसायी भेटतात. व्यासपीठावरील प्रशस्तिपत्रांपेक्षा त्यांचे मत अधिक मोलाचे. प्रत्यक्ष बैठका स्वतः कोच घेणार की त्याचा सहायक, हेही विचारावे. जो कोच आकडे न पाहताच ‘दुप्पट उलाढाली’ची हमी देतो, त्याला टाळणेच बरे.

करारात पहिले तीन महिने अजमावणीचे असावेत. शुल्क महिन्याच्या हप्त्यांत असावे आणि एक महिन्याच्या सूचनेवर दोन्ही बाजूंना बाहेर पडता यावे. गोपनीयतेचे कलम वगळू नये. कोचपुढे ताळेबंद, दर आणि ग्राहकांची यादी उघडी होते. आणि मोजायचे आकडे तीनच ठेवावेत. उदाहरणार्थ, थकबाकीचे दिवस, वेळेवर पुरवलेल्या ऑर्डरी आणि मालकाविना झालेले निर्णय.

यातला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. मालक आठवडाभर गावी गेला आणि काम अडले नाही, तर शुल्क सत्कारणी लागले. वर्षभरानंतर सहीसाठी कागद थांबतच असतील आणि भरीस कोचच्या फोनचीही वाट पाहावी लागत असेल, तर कंपनीने एक परावलंबन सोडून दुसरे विकत घेतले, असेच म्हणावे लागेल.