सहीचा अधिकार

बँकेच्या सेवेत असताना तालुक्याच्या एका शाखेत मी व्यवस्थापक होतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या की नवे सरपंच ग्रामसेवकासह नमुना सही देण्यासाठी येत, कारण ग्रामनिधीचे खाते या दोघांच्या संयुक्त सहीने चालते. एकदा महिला राखीव असलेल्या एका गावच्या सरपंचबाई आल्या. त्यांचे यजमान माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले, बाई दाराशी उभ्या राहिल्या. "सही कुठे करायची ते दाखवा, बाकीचे मी पाहतो," असे यजमान सहजपणे म्हणाले. आणि मीही (आज लिहिताना संकोच वाटतो) पुढे वर्षभर खात्याविषयी त्यांच्याशीच बोलत राहिलो. कायद्याने जिला अधिकार दिला, तिला मी 'बसा' असेही म्हटले नव्हते.

७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. परंतु सत्ता केवळ पदात नसते. सभा कोणत्या वेळी बोलावली, विषयपत्रिका कोणी लिहिली, खुर्चीवर कोण आणि सतरंजीवर कोण, यांतही ती असते. ज्या वेळी बायका शेतात किंवा चुलीपाशी असतात त्याच वेळी ग्रामसभा ठेवली, की कोणताही नियम न मोडता निम्मे गाव बाहेर राहते. मग हजेरीची वही घरोघर फिरते आणि गणसंख्या पूर्ण होते!

'सरपंचपती' हा शब्द आपण थट्टेने वापरतो आणि आरक्षण व्यर्थ ठरले असे म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानातील उदयपूर या जिल्ह्यांतील पंचायतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. सरपंचपद कोठे राखीव होणार हे जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखे ठरत असल्याने तुलना निकोप होती. स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींत पिण्याच्या पाण्याची कामे अधिक झालेली आढळली. पाणी भरणारीच निर्णयाच्या जागी बसली, म्हणजे खर्चाचा क्रमही बदलतो. पुढे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बंगालमधीलच दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की, सलग दोन वेळा पद राखीव राहिलेल्या गावांत मुलींच्या शिक्षणाविषयीच्या आई-वडिलांच्या अपेक्षाही उंचावल्या. आपल्याकडे मात्र आरक्षण फिरते असल्याने बाई कामात मुरते न मुरते तोच जागा खुली होते, आणि तिला पुन्हा उमेदवारी द्यावी असे क्वचितच कोणाला सुचते.

त्या सरपंचबाई दीड वर्षाने पुन्हा आल्या, या वेळी बचत गटातील दोघींना घेऊन. गटाचे हिशेब लिहिता लिहिता त्यांना जमा-नावे समजू लागले होते. पासबुक टेबलावर उघडून त्यांनी दोन नोंदींवर बोट ठेवले. "साहेब, सही माझी आहे, पण या रकमा कशाच्या ते मला ठाऊक नाही. समजावून सांगा."

मी शिपायाला आणखी तीन खुर्च्या आणायला सांगितल्या आणि धनादेशांची फाइल मागवली. एक रक्कम नळदुरुस्तीची निघाली. दुसरीच्या पावतीसाठी बाईंनी ग्रामसेवकांना पत्र लिहिले, तेथेच, स्वतःच्या अक्षरात. यजमान बाहेर मोटारसायकलपाशी थांबले होते.