औषध पुरुषांचे, मात्रा स्त्रीची

रजोनिवृत्तीनंतर कामेच्छा ओसरणे आणि त्याचा मनस्ताप होणे, ही तक्रार वैद्यकाने दीर्घकाळ दुर्लक्षिली. स्त्रियांसाठी टेस्टोस्टेरॉनचा पुराव्यानिशी सिद्ध झालेला उपयोग या एकाच तक्रारीपुरता आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनांनी २०१९ मध्ये एकमताने दिला. ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये स्त्रियांसाठीच्या स्वतंत्र क्रीमला मान्यता दिली. भारतात मिळणारे जेल मात्र पुरुषांच्या मात्रेचे असते. स्त्रीला त्याचा साधारण दहावा भाग पुरतो. अंदाज चुकून मात्रा वाढली, तर चेहऱ्यावर मुरुमे आणि लव येते, आवाजही घोगरा होऊ शकतो. त्यामुळे उपचारापूर्वी आणि नंतर काही आठवड्यांनी रक्ततपासणी अनिवार्य ठरते. सहा महिन्यांत गुण न आल्यास उपचार थांबवावा लागतो.

खर्चाचे खरे गणित येथेच सुरू होते. मावळातील उर्से हे गाव द्रुतगती महामार्गावरील टोलनाक्यामुळे राज्यभर ठाऊक आहे. अशा गावातील स्त्रीला तज्ज्ञ गाठण्यासाठी तळेगाव वा पिंपरी-चिंचवडची वाट धरावी लागते. औषधाच्या किमतीत प्रवास, तपासण्या आणि बुडालेला रोजगार यांची भर पडते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. बाह्यरुग्ण सल्ल्याचा खर्च कुटुंबालाच सोसावा लागतो.

स्त्रीच्या मात्रेचे औषध आणि तालुका पातळीवर रजोनिवृत्तीविषयक सल्ला या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच हा उपचार शहरातील सधन वर्गापलीकडे पोहोचेल.