कुंडलिकेकाठचा न वाचलेला मजकूर

मराठी माणसाच्या चालण्याला दोन थोर परंपरा आहेत. एक पुण्याची आणि दुसरी पराक्रमाची. पहिलीत पंढरीची वारी येते, नर्मदेची परिक्रमा येते. दुसरीत गडकोटांची भ्रमंती. या दोन्ही परंपरांनी आपल्या साहित्याला भरभरून दिले आहे. गो. नी. दांडेकरांसारख्या एकाच लेखकाने दोन्ही वाटा तुडवल्या आणि दोन्हींवर लिहिले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरे चालणे असू शकते, आणि ते मराठीत जवळजवळ नाही. एखाद्या नदीच्या काठाने, कोणतेही शिखर सर न करता आणि कोणत्याही देवाला नवस न बोलता, केवळ त्या काठावर शतकानुशतके काय लिहिले गेले हे वाचत जाणे, असे हे चालणे. मराठीच्या अध्यापनात या चालण्याला जागा असली पाहिजे, असे आमचे मत आहे.

फ्रान्समध्ये ही जागा जाणीवपूर्वक निर्माण केली गेली. दुसऱ्या महायुद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या त्या देशात 1947 साली दीर्घ पल्ल्याच्या पायवाटा आखणारी समिती स्थापन झाली. तिने तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांनी खुणावलेला पहिला टप्पा कोणत्या डोंगरावर नव्हता. तो लुआर नदीच्या काठाने ऑर्लेआं ते बोजांसी असा होता. मध्ययुगीन पूल, चर्च आणि गढ्या यांच्या सोबतीने वाहणारी नदी पायी पाहता यावी, हा त्यामागचा साधा विचार. पुढे अशा वाटांचे जाळे विणले गेले. लो नदीच्या खोऱ्यातून काओरच्या चौदाव्या शतकातील पुलाकडे जाणारी वाट मूळची यात्रेकरूंची, पण आज तिच्यावर श्रद्धाळू आणि अश्रद्ध दोघेही चालतात. साहित्याच्या विद्यार्थ्यांना अधिक जवळचे उदाहरण रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे आहे. 1878 साली तो एका गाढविणीला सोबत घेऊन सेवेनच्या डोंगराळ मुलखातून बारा दिवस चालला आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिले. आज त्याच्या नावाची वाट आहे. म्हणजे तेथे एका पुस्तकाने पायवाट जन्माला घातली.

आपल्याकडे हे घडू शकले असते काय? निश्चित. पेण तालुक्यातील वरसई या गावचे विष्णुभट गोडसे 1857 साली अर्थार्जनासाठी उत्तरेकडे निघाले, उठावाच्या वणव्यात सापडले आणि गंगाजलाची कावड घेऊन गावी परतले. त्यांनी लिहिलेला 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्यांनी 1907 साली प्रसिद्ध केला. आपण तो वर्गात शिकवतो: त्याची शैली, त्याचे ऐतिहासिक मूल्य, संपादनाचे प्रश्न. परंतु वरसईहून घाट चढताना त्या भिक्षुकाच्या पायाखाली कोणती वाट होती, हे पाहायला आपण विद्यार्थ्यांना कधी नेत नाही. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आपण खुर्चीत बसून शिकवतो, यातील विसंगती आपल्याला जाणवेनाशी झाली आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर अशा वाचनासाठी सर्वांत समृद्ध पट्टा कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही अष्टागरातील आक्षीपासून कुंडलिकेच्या मुखापर्यंतचा आणि तेथून खाडीच्या काठाने वर रोह्यापर्यंतचा पट्टा सांगू. आक्षी ते कोर्लई ही दोन दिवसांची निवांत चाल आहे. तिच्यात मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा निम्मा भाग उघड्यावर पडलेला आहे.

आरंभ आक्षीपासून होतो. येथील शिलालेख शके 934 म्हणजे इ.स. 1012 चा मानला जातो. त्याच्या कालनिश्चितीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि श्रवणबेळगोळ की आक्षी हा 'पहिलेपणा'चा वाद आपल्या परिचयाचा आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या ग्रंथामुळे असे लेख आपल्या अभ्यासात आले. परंतु वाद शिकवताना मजकूर बाजूला राहतो. शिलाहार राजा केसीदेवरायाच्या प्रधानाने महालक्ष्मीच्या बोडणासाठी दर शुक्रवारी धान्य नेमून दिले, असे हा दगड सांगतो. बोडण हा कुळाचार कोकणातील काही घरांत आजही होतो. हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला शब्द आपल्या वर्गातील एखाद्या मुलीच्या आजीच्या तोंडी आहे, हे तिला दगडासमोर उभे राहून कळणे आणि पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत कळणे, यांत फरक आहे. हा शिलालेख अनेक वर्षे रस्त्याच्या कडेला ऊनपावसात उभा होता आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावरून पर्यटकांच्या गाड्या समुद्राकडे जात होत्या, ही वस्तुस्थितीही विद्यार्थ्यांना सांगावी लागेल.

नागावच्या वाड्या मागे टाकून माणूस चौलात शिरतो. नारळी-पोफळीच्या सावलीत झाकलेले हे गाव एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर होते, हे प्रथमदर्शनी पटत नाही. टॉलेमीने ज्याला सिमुल्ला म्हटले ते हेच. इ.स. 916 च्या सुमारास अरब प्रवासी अल-मसूदी येथे आला तेव्हा त्याने या बंदराला सैमूर म्हटले, येथील मोठ्या मुसलमान वस्तीची आणि शिलाहार राजा झंझ याची नोंद केली, आणि किनाऱ्यावरील बोलीला 'लारिया' असे नाव दिले. त्यानंतर साडेपाचशे वर्षांनी, 1469 च्या आसपास, अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकण्यासाठी एक घोडा घेऊन येथे उतरला आणि पालीवरून जुन्नरला व पुढे बीदरला गेला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला. त्याचे 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' हे लेखन रशियन साहित्याच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून आहे. 2002 साली त्याचे स्मारक रेवदंड्यात उभे राहिले. दख्खनच्या मध्ययुगीन लोकजीवनाचे एका परक्या, काहीशा गोंधळलेल्या, पण प्रामाणिक माणसाने केलेले हे चित्रण मराठीच्या किती विद्यार्थ्यांनी अनुवादातून तरी वाचले आहे? चौलातच रामेश्वराचे मंदिर आहे आणि हमामखान्याचे अवशेषही आहेत. एकाच दुपारी दोन्ही पाहता येतात, आणि दोन्हींचे चौल एकच होते.

रेवदंड्याच्या तटात शिरताना भाषा आणि काळ दोन्ही बदलतात. पोर्तुगीजांनी 1516 साली येथे वखार घातली आणि निजामशाहीच्या परवानगीने 1520 च्या दशकात किल्ला बांधला. तत्पूर्वी 1508 साली याच खाडीच्या मुखात इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या मुलाचा पराभव केला होता. त्या लढाईत तो मारला गेला. 1570–71 मध्ये मुर्तजा निजामशहाने या ठाण्याला दीर्घकाळ वेढा दिला, पण ते पडले नाही. 1740 साली ते मराठ्यांकडे आले. आज त्या तटाच्या आत माडांची आगरे आहेत, विहिरी आहेत, घरे आहेत आणि मध्येच सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले आकाशात उभे आहेत. गावात बेने इस्रायली समाजाचे सिनेगॉगही आहे. तट ओलांडला की आपण एखाद्या 'स्थळी' पोहोचत नाही. माणसे जेथे अजून राहतात अशा एका जुन्या शहराच्या पोटात पोहोचतो.

आणि खाडीपलीकडे कोर्लई. डोंगराच्या सोंडेवरचा किल्ला सर्वजण पाहतात, छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. खरा वारसा पायथ्याच्या गावात आहे, तोही दगडाचा नव्हे. येथील ख्रिस्ती कुटुंबे आपसात 'नॉ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', बोलतात. पोर्तुगीज गेल्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षे ही बोली मराठीच्या समुद्रात एका बेटासारखी टिकून आहे. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाभ्यासकाने 1996 साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने दाखवून दिलेली गोष्ट अशी की या बोलीचे शब्द पोर्तुगीज वळणाचे असले, तरी तिची वाक्यरचना मराठीच्या सहवासाने बदलत गेली. क्रियापद वाक्याच्या शेवटी सरकू लागले. भाषासंपर्क म्हणजे काय, हे शिकवण्यासाठी आपण परदेशी पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे फळ्यावर लिहितो. मराठीने दुसऱ्या एका भाषेला आतून कसे घडवले याचे जिवंत उदाहरण मात्र आपल्याच जिल्ह्यात, सुमारे हजारभर माणसांच्या तोंडी आहे.

कोर्लईहून माघारी वळून खाडीने वर गेले की खारफुटी, भातखाचरे, आणि दूरवर अवचितगडाची रेघ. रोह्याजवळ नदी गोडी होते. उन्हाळ्यातही तिला पाणी असते, याचे कारण घाटमाथ्यावर आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी भिरा येथील वीजगृहातून खाली येऊन कुंडलिकेला मिळते. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी 1920 च्या दशकात सत्याग्रह केला, ज्याच्याखाली मावळची गावे बुडाली, त्याच धरणाचे हे पाणी. रोह्याच्या घाटावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला हे सांगितले, की नदी हा केवळ निसर्गवर्णनाचा विषय उरत नाही.

येथे दोन आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत.

पहिला असा की पोर्तुगीज सत्तेचे अवशेष 'आपला वारसा' कसे? धर्मांतरे, मंदिरांचा विध्वंस, समुद्रावरील जबरदस्ती हे सारे विसरायचे काय? मुळीच नाही. परंतु वारसा म्हणजे गौरव, हे समीकरणच आम्हाला मान्य नाही. वारसा म्हणजे ज्याच्याशी आपल्याला हिशेब करावा लागतो ते. 2025 साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचे स्थान मिळाले. रायगड आणि खांदेरी हे आपल्या जिल्ह्यातील दोन किल्ले त्यांत आहेत, याचा आम्हालाही आनंद आहे. भीती एवढीच, की जे त्या यादीच्या कथेत बसत नाही ते आता अधिकच दुर्लक्षित राहील. शिवाय कोर्लईत 'नॉ लिंग' बोलणारी कोळीण आलमेदाची वंशज म्हणून बोलत नाही; ती आपल्या आईची भाषा बोलते. 2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजात भाषेच्या अभ्यासकांना तिच्या कुशीत वाढलेल्या एका लहान बोलीची काळजी नसेल, तर तो दर्जा आपण अंगावर घालून मिरवणार एवढेच.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. पायवाटा उरल्या कोठे? अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी चालणे जिवावरचे आहे. किनारी महामार्ग रुंदावत आहे. मुलींना घेऊन जायचे तर पालकांची समजूत, निवासाची सोय, महाविद्यालयाची परवानगी. सहामाही परीक्षांच्या रेट्यात दोन दिवस काढायचे कोठून? हे सारे खरे आहे, आणि हाच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. पायवाट ही आपोआप उरत नाही. फ्रान्समधील वाटाही कोणीतरी बसून आखल्या, दगडांवर पट्टे रंगवले, दरवर्षी पुन्हा रंगवले. आपल्याकडे आगरांतून जाणाऱ्या पाणंदी, खाडीच्या बांधावरच्या वाटा, तरीचे धक्के अजून पूर्ण पुसले गेलेले नाहीत. त्या आजच नोंदवल्या नाहीत, तर दहा वर्षांनी नोंदवायला काही उरणार नाही.

म्हणून आमची सूचना मोठी नाही. जिल्ह्यातील मराठी विभागांनी पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी दरवर्षी या वाटेचा एक टप्पा घ्यावा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या काळात. विद्यार्थ्यांनी त्या टप्प्यावरील लेख, वास्तू, स्थलनामे, आगरांतील व मासेमारीतील शब्द टिपावेत. जेथे चालण्याजोगी पाणंद आहे ती नकाशावर उतरवावी. कोर्लईला जाताना 'नमुने गोळा करायला' न जाता पाहुणे म्हणून जावे आणि तेथील माणसे जे सांगतील तेवढेच लिहून घ्यावे. चार-पाच वर्षांत आक्षी ते रोहा अशी एक साधी मार्गपुस्तिका तयार होईल. ती मराठीत असेल आणि तिची किंमत एका वडापावाहून फार अधिक असू नये. मग कोणी शासनदरबारी खुणा रंगवण्याची मागणी केली, तर निदान कोठे रंगवायच्या हे सांगणारे कागद आपल्या हाती असतील.