एक संकोचाचा विषय

आमच्या सूनबाईंस पाचवा महिना आहे. पंधरवडाभर छाती आवळते म्हणून त्यांचे जेवणावरून लक्ष उडाले होते. काढे झाले, हवापालटाची चर्चा झाली. अखेर डॉक्टरीणबाईंनी पाहिले, तो अंगात पूर्वीच्याच मापाची ब्रेसियर आणि खांद्यांवर वळ! नवी मागावी कोणाजवळ, हा सूनबाईंचा संकोच. हे सारे आम्हांस सौभाग्यवतींकडून कळले.

रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात कालिदासाने गर्भिणी सुदक्षिणेच्या स्तनांतील पालट निःसंकोच वर्णिला आहे. आम्ही मात्र वर्गात तो श्लोक गाळीत आलो. कालिदासाहून सोवळे होण्याचे हे फळ!

वस्तुतः हा पालट पहिल्या तिमाहीतच सुरू होतो. पुढे बरगड्यांचा घेरही रुंदावतो. म्हणून माप नव्याने घ्यावे, व सर्वांत घट्ट आकड्यावर नीट बसेल अशी ब्रेसियर निवडावी, म्हणजे घेर वाढेल तसतशी ती सैल करता येते. भार छातीखालच्या रुंद पट्टीने पेलावा, खांद्यांनी नव्हे. तरी त्या पट्टीखाली दोन बोटे सहज जावीत. कापड सुती असावे. कटोरी अपुरी नसावी. तार नसलेली बरी. एकदम अर्धा डझन घेऊ नयेत, कारण माप पुन्हा बदलते. बाळास पाजण्यासाठी उघडणारी नववा महिना लागल्यावर पाहावी, तीही किंचित ऐसपैस. प्रसूतीनंतर दूध उतरते तेव्हा आकार आणखी वाढतो.

सौभाग्यवती सूनबाईंस घेऊन गेल्या व दोन घेऊन आल्या. खर्च वहीत मांडताना मात्र आमची लेखणी अडली. तेव्हा सौभाग्यवतींनी ती आमच्या हातून घेतली आणि स्वच्छ अक्षरांत लिहिले, ‘ब्रेसियर, नग दोन.’