श्रुतलेखन घरात हवं, पण परीक्षा म्हणून नको



मुलांना घरीच शिकवणाऱ्या आपल्या बायकांमध्ये एक प्रश्न नेहमी निघतो. शाळा सोडली, मग शाळेतलं ते डिक्टेशन घरात कशाला? भरपूर वाचलं की लिहिणं आपोआप सुधारत नाही का? माझं मत असं, की श्रुतलेखन घरातही हवंच. मात्र बाईंनी दहा शब्द सांगायचे, मुलाने घाबरत लिहायचे आणि मग लाल गोल मोजायचे, हा प्रकार नको. त्यातून मुलाला काय येत नाही ते समजतं. ते यावं कसं, याचं उत्तर त्यात नसतं.

आधी एक फरक लक्षात घेऊ. आपल्या लहानपणी ‘शुद्धलेखन’ म्हणजे पुस्तकातल्या दहा ओळी बघून उतरवणं. हात चालतो, डोकं दुसरीकडे असतं. श्रुतलेखनात ऐकावं लागतं, अर्थ धरावा लागतो आणि अक्षरं स्वतः आठवावी लागतात. म्हणून ते मोलाचं, आणि म्हणूनच अवघडही.

मराठी बोलू तशी लिहिता येते, असं आपण म्हणतो. हे अर्धंच खरं. आपल्या विदर्भात बोलताना ‘पाणी’चं ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोया’ सहज होतो. घरात असं कानावर पडत असेल, तर मूल तसंच लिहिणार. तिथे चूक मुलाची नाही, सांगणाऱ्याने उच्चार नीट करायला हवा. आपल्या मुलांना तर ‘ण’ पाळण्यापासून मिळालेला असतो. णमोकार मंत्राच्या पाच पदांत तो दहा वेळा येतो. अडीच वर्षांचं मूल मंत्र म्हणताना तो स्पष्ट म्हणतं. तोच ‘ण’ ‘आणि’, ‘कोणी’, ‘पाणी’मध्ये आणायचा आहे, एवढं दाखवलं की पुरतं.

ह्रस्व-दीर्घाचं तसं नाही. ते बऱ्याचदा कानाला कळतच नाही, आणि आपल्या घरांत गुंता आणखी वाढतो. मुलं प्रवचनाची, पूजेची पुस्तकं हिंदीतून वाचतात. तिथे मुनि, भक्ति, शांति, गुरु. मराठीच्या पुस्तकात मुनी, भक्ती, शांती, गुरू. कारण महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनुसार अशा तत्सम शब्दांच्या शेवटचे इकार-उकार मराठीत दीर्घ लिहायचे. पण हाच शब्द समासात आधी आला की ह्रस्व राहतो. मुनी, पण मुनिसुव्रत. शांती, पण शांतिनाथ. गुरू, पण गुरुभक्ती. मुलाने ‘मुनि’ लिहिलं तर ते निष्काळजी आहे असं समजू नका. मंदिरात पाहिलेलं त्याने लक्षात ठेवलं आहे. त्याला दोन भाषांच्या दोन रीती शेजारीशेजारी लिहून दाखवा. कितीही सावकाश सांगितलं तरी हा फरक कानातून शिकता येणार नाही.

म्हणून खरं शिकवणं श्रुतलेखनाच्या आधी व्हायला हवं. इंग्लंडच्या शार्लट मेसन यांचं नाव घरी शिकवणाऱ्यांना परिचयाचं आहे. त्यांचं ‘होम एज्युकेशन’ १८८६चं. उतारा मुलाने आधी नीट पाहावा, अवघड शब्द डोळ्यांत साठवावेत आणि मगच तो सांगावा, असं त्यांचं म्हणणं. चुकीचं रूप मुलाच्या नजरेसमोर राहू नये म्हणून त्या चुकलेल्या शब्दावर लगेच कागदाचा तुकडा चिकटवायला सांगत. पहिला भाग मला पूर्ण पटतो. दुसरा पटत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच परंपरेत आहे.

श्रुतपंचमीला आपण ती कथा ऐकतो. गिरनारच्या चंद्रगुंफेत धरसेनाचार्यांकडे दोन मुनी शिकायला आले. आचार्यांनी दोघांना एकेक मंत्र दिला, एकात एक अक्षर जास्त आणि दुसऱ्यात एक कमी. साधना झाल्यावर एकाला दात पुढे आलेली देवी दिसली आणि दुसऱ्याला एका डोळ्याची. देवता अशी विद्रूप असायची नाही, म्हणजे मंत्रातच काही चुकलं आहे, हे दोघांनी ओळखलं. व्याकरणाच्या आधारे अक्षरं दुरुस्त केली, पुन्हा जप केला, तेव्हा देवी आपल्या मूळ रूपात आल्या. मग आचार्यांनी त्यांना आगम शिकवला. हेच पुढे पुष्पदंत आणि भूतबली झाले आणि त्यांच्याकडून षट्खंडागम लिहिला गेला.

आपण ही कथा भक्तीने ऐकतो, पण शिकवण्याची रीत म्हणून तिच्याकडे पाहत नाही. आचार्यांनी चूक झाकली नाही आणि तिच्यावर बोटही ठेवलं नाही. काहीतरी बिघडलं आहे हे शिष्यांना दिसू दिलं आणि दुरुस्ती त्यांच्यावर सोपवली.

घरात हे असं करता येतं. सोमवारी मुलाने वाचलेल्या पुस्तकातल्या चार ओळी निवडा. कोणते शब्द फसवतील ते त्यालाच शोधू द्या. ते पाटीवर लिहून पाहू दे. एखादा नियम लागू होत असेल तर तेवढाच सांगा, जसं ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘बहीण’ पण ‘बहिणीला’. गुरुवारी एकेक वाक्य स्पष्ट सांगा. लिहून झाल्यावर शब्द दाखवू नका. ‘दुसऱ्या ओळीत एक वेलांटी बघ’ एवढंच म्हणा. मूल पुस्तक उघडून स्वतः ताडून पाहील. चुकलेला शब्द वहीच्या मागच्या पानावर जाईल आणि पुढच्या आठवड्यात वेगळ्या वाक्यात परत येईल. गुण नकोत, आणि भावंडांची तुलना तर मुळीच नको. पंधरा मिनिटं पुरतात. इतकं करूनही एखाद्या मुलाची अक्षरं वर्षानुवर्षं उलटसुलट होत असतील तर श्रुतलेखन वाढवू नका, तज्ज्ञांना दाखवा.

आईचं मराठी कच्चं असेल तर? नागपुरात आपल्यापैकी कितीतरी घरांत हिंदी, मारवाडी, गुजराती बोलतात. मग आजोबा सांगतील, नाहीतर शेजारच्या काकू. आईनेही वही घेऊन सोबत लिहायला बसावं. मुलांना त्याची फार मजा वाटते.

काही जणी म्हणतात, फोन सगळं दुरुस्त करून देतो. फोनला शब्द कळतो, आपल्याला काय म्हणायचं आहे ते कळेलच असं नाही. ‘शेजाऱ्यांची आणि आमची भिंत सामाईक आहे’ आणि ‘आजी सामायिकाला बसली आहे’, दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबर. कर्म आणि क्रम यांत फक्त रफार हलतो. अपरिग्रहाची ‘रि’ ह्रस्व, परीषहाची ‘री’ दीर्घ. हे लिहिणाऱ्यालाच माहीत असावं लागतं. शिवाय आपली मुलं पुढे चौदाव्या वर्षानंतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी देणार असतील, तर तिथे पेपर हातानेच लिहायचा आहे.

एका शब्दाने काय फरक पडतो, असं वाटत असेल तर आपल्या अमरावतीचीच गोष्ट सांगते. डॉ. हीरालाल जैन तिथे प्राध्यापक होते. षट्खंडागमावरची धवला टीका त्यांनी संपादित केली. पहिला भाग १९३९ साली निघाला, पुढे सोळा भाग झाले. हाताशी होत्या त्या नकलांवरून केलेल्या नकला. पहिल्या भागाच्या ९३व्या सूत्रात ‘संजद’ हा शब्द गळला असावा, अशी नोंद संपादकांनी तळटीपेत केली. पुढे मूडबिद्रीची ताडपत्रं पाहिली तेव्हा तो शब्द तिथे होता. हे सूत्र स्त्रियांच्या गुणस्थानांविषयीचं. त्या एका शब्दावरून समाजात मोठा वाद झाला. कुणा लेखनिकाच्या हातून सुटलेला शब्द, आणि प्रश्न आपल्या म्हणजे बायकांच्या साधनेचा!

ज्ञानाचाराच्या आठ अंगांत व्यंजनाचार आहे, म्हणजे अक्षरं शुद्ध राखणं. त्याच्या सोबतच विनयाचारही आहे. मुलाच्या वहीत अक्षर शुद्ध व्हावं म्हणून आपण त्याला रडवलं, तर पहिलं पाळताना दुसरं मोडलं. परंपरा सांगते, की आदिनाथ भगवंतांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकवले, तेही घरीच, वडील या नात्याने. आपणही त्याच नात्याने शिकवतो आहोत. तेव्हा लाल पेन बाजूला ठेवा, चार ओळी निवडा आणि या आठवड्यात सुरुवात करा.

जय जिनेंद्र.